कांद्याची मागणी अलवचिक, मग कांदा पिकवणारा तोट्यात का?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या निफाड तालुक्यातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मागणीच्या लवचिकतेच्या धड्यात मीठ, औषधे आणि कांदा ही कमी लवचिक मागणीची उदाहरणे म्हणून दिलेली असतात. त्याच धड्यात पुढे असे म्हटले आहे की मागणी कमी लवचिक असेल तर किंमत वाढल्यावर विक्रेत्याचे एकूण उत्पन्न वाढते. माझे वडील कांदाच पिकवतात. मग त्यांना या नियमाचा फायदा का मिळत नाही? पुस्तकातील उदाहरण चुकीचे आहे की मला लवचिकता समजलेली नाही? आणि परीक्षेत यावर काय लिहावे?"

पुस्तकातील उदाहरण चुकीचे नाही आणि तुमची शंका पूर्णपणे रास्त आहे. मी नाशिक जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकवतो आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांबरोबर बाजारभावाच्या नोंदींवर काम करतो. वर्गात हीच शंका बहुधा शेतकऱ्यांच्या घरातील मुलामुलींकडून येते, कारण धडा आणि घरचा अनुभव यांतली विसंगती त्यांनाच आधी टोचते. तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: ग्राहक किमतीला किती प्रतिसाद देतो, किंमत ठरवण्याचे सामर्थ्य कोणाकडे आहे, आणि ग्राहक देतो ती किंमत व शेतकऱ्याच्या हाती पडते ती किंमत यांत किती अंतर आहे. लवचिकतेची व्याख्या यांपैकी फक्त पहिल्या गोष्टीविषयी बोलते. बाकीच्या दोन गोष्टी आपण नकळत तिच्यावर लादतो.

आधी ग्राहकाकडे पाहू. चार माणसांच्या एका घरात आठवड्याला २ किलो कांदा लागतो आणि भाव किलोला २० रुपये आहे, असे समजा. भाव ३० रुपये झाला. किंमत ५० टक्क्यांनी वाढली, पण फोडणी, भाजी, पोहे, आमटी यांत कांदा लागतोच, म्हणून त्या घरातील गृहिणी फार तर पाव किलो कमी घेईल. २ किलोऐवजी पावणेदोन किलो, म्हणजे मागणीत साडेबारा टक्के घट. साडेबाराला ५० ने भागले की किंमत लवचिकता ०.२५ येते. एकापेक्षा कमी, म्हणून कमी लवचिक. त्या घराचा कांद्यावरील आठवड्याचा खर्च ४० रुपयांवरून साडेबावन्न रुपये झाला. किंमत वाढली आणि एकूण खर्चही वाढला. एकूण खर्च पद्धत, म्हणजे किंमत बदलल्यावर एकूण खर्च वाढतो की घटतो यावरून लवचिकता ओळखण्याची पद्धत, नेमके हेच सांगते. इथपर्यंत पुस्तक आणि स्वयंपाकघर यांचा हिशेब जुळतो.

मात्र 'कांद्याची मागणी कमी लवचिक आहे' हे वाक्य मीठ खारट आहे या वाक्यासारखे वाचू नका. खारटपणा मिठाचा कायमचा गुण आहे. लवचिकता मात्र विशिष्ट किंमत, विशिष्ट ग्राहक आणि विशिष्ट कालावधी यांच्यापुरती असते. भाव २० वरून २२ झाला तर बहुतेक घरांच्या ते लक्षातही येत नाही. तो ८० वरून ८८ झाला तर एक किलो घेणारा अर्धा किलोवर येतो, आणि हॉटेलात मिसळीबरोबर कांद्याऐवजी चिरलेला कोबी किंवा मुळा येऊ लागतो. दोन्ही वेळा वाढ १० टक्क्यांचीच आहे, पण प्रतिसाद वेगळा आहे. सरळ रेषेच्या मागणी वक्रावरही लवचिकता बिंदूगणिक बदलते, वरच्या भागात जास्त आणि खालच्या भागात कमी असते, हे तुम्ही आकृतीत पाहिले असेल. रेषेचा उतार सगळीकडे सारखा असतो, पण लवचिकता शेकडेवारीत मोजली जाते आणि शेकडेवारीचा पाया प्रत्येक बिंदूला वेगळा असतो. परीक्षेत उतार आणि लवचिकता एकच समजून लिहिलेली उत्तरे फार दिसतात, म्हणून हे आवर्जून सांगतो.

आता तुमच्या वडिलांकडे येऊ. कमी लवचिक आहे ती कांद्याची एकूण बाजारातील मागणी. तुमच्या वडिलांच्या कांद्याची मागणी जवळजवळ संपूर्ण लवचिक आहे. धड्यात ही दोन टोके शेजारी शेजारी असतात, पण ती एकाच वेळी, एकाच बाजारात, एकाच मालाला लागू पडू शकतात, हे बहुधा कोणी सांगत नाही.

लासलगावच्या बाजार समितीत सकाळी लिलाव सुरू होण्यापूर्वी ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. व्यापारी एकेका वाहनापाशी थांबतो, मूठभर कांदा हातात घेऊन आकार, रंग आणि पत्ती (वरची साल) पाहतो आणि क्विंटलमागे बोली लावतो. शेजारच्या ट्रॉलीत त्याच प्रतीचा कांदा १,२०० रुपयांना गेला असेल आणि तुमच्या वडिलांनी १,३०० मागितले, तर त्यांच्याकडून कोणीही घेणार नाही, कारण व्यापाऱ्याला पुढची ट्रॉली मोकळी आहे. उलट १,२०० रुपयांना त्यांचा सगळा माल विकला जाईल, मग तो २० क्विंटल असो की १०० क्विंटल. आकृतीत मांडले तर त्यांच्यासमोरचा मागणी वक्र आडव्या अक्षाला समांतर आहे. 'किंमत वाढवल्यास एकूण उत्पन्न वाढते' या वाक्यातला कर्ता किंमत वाढवू शकणारा असावा लागतो. तुमचे वडील किंमत ठरवत नाहीत, ती स्वीकारतात.

ज्याच्या हाती किंमत आहे, त्याला हा नियम कसा लागू पडतो, हे मुंबईच्या वाहतुकीत स्पष्ट दिसते. ९ जुलै २०१९ पासून बेस्टने साध्या बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपये केले. प्रवासी वाढले, पण भाडे ज्या प्रमाणात उतरले त्या प्रमाणात वाढले नाहीत, आणि तिकिटांचे उत्पन्न घटले. मागणी त्या पट्ट्यात कमी लवचिक होती. सामान्य प्रवाशाला स्वस्त बस मिळावी हा हेतू असेल तर तो निर्णय योग्यच ठरू शकतो. लवचिकता फक्त त्याची किंमत कोणाला चुकवावी लागेल ते सांगते. दुसरे उदाहरण वातानुकूलित लोकलचे. ५ मे २०२२ पासून तिच्या एकेरी प्रवासाच्या तिकिटाचे दर सुमारे निम्म्यावर आणले गेले, पहिल्या टप्प्याचे भाडे ६५ रुपयांवरून ३० रुपये झाले, आणि तिकिटांची विक्री झपाट्याने वाढली. तिथे पर्याय त्याच फलाटावर उभा होता. साध्या लोकलचे द्वितीय श्रेणीचे तिकीट त्याच अंतराला ५ रुपये असताना ६५ रुपये देणारे थोडे, पण ३० रुपये द्यायला तयार असलेले पुष्कळ. जवळचा पर्याय असेल तर मागणी अधिक लवचिक असते, या नियमाचे इतके उघड उदाहरण शोधून सापडणार नाही.

तरीही या दुसऱ्या उदाहरणात मी लवचिकतेचा आकडा काढणार नाही. तो मे महिना होता आणि उकाडा टोकाला होता. महासाथीनंतर कार्यालये नुकतीच पूर्णपणे सुरू होत होती आणि वातानुकूलित फेऱ्याही वाढत होत्या. प्रवासी वाढले ते किती भाडेकपातीमुळे आणि किती या इतर कारणांमुळे, हे एका महिन्याच्या आकड्यांतून वेगळे करता येत नाही. 'इतर परिस्थिती स्थिर असता' हे शब्द आपण व्याख्येत पाठ करतो, पण प्रत्यक्ष आकडे हाती आले की नेमके तेच विसरतो.

कांद्यात हीच अडचण दरवर्षी आषाढात येते. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, अनेक घरांत कांदाभजी, कांद्याचे थालीपीठ होते आणि मग चातुर्मासात त्याच घरांत कांदा-लसूण बंद होतो. त्या घरांची मागणी घटते, पण ती किंमत वाढल्यामुळे घटलेली नसते. संपूर्ण मागणी वक्रच डावीकडे सरकतो. याला मागणीतील ऱ्हास म्हणायचे. किंमत वाढल्यामुळे त्याच वक्रावर वर सरकणे म्हणजे मागणीचा संकोच. श्रावणात भाव आणि विक्री दोन्ही खाली आलेले पाहून 'मागणीचा नियम चुकला' असे कोणी म्हणाले, तर त्याने ऱ्हासाला संकोच समजलेले असते.

आता मुख्य मुद्दा. एकटा शेतकरी किंमत ठरवत नाही हे मान्य, पण सगळ्या शेतकऱ्यांना मिळून तरी कमी लवचिक मागणीचा लाभ व्हायला हवा ना? होतो, पण ज्या वर्षी पीक कमी आले त्या वर्षी. पीक जास्त आले की तीच कमी लवचिक मागणी उलटते. ग्राहक महागाईत कांदा फारसा सोडत नाही, तसाच तो स्वस्ताईत फारसा वाढवतही नाही. भाव ५ रुपये झाला म्हणून घरात दुप्पट कांदा शिजत नाही. जास्तीचा माल खपवायचा तर भाव खूप खाली यावा लागतो.

हे निरीक्षण फार जुने आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस ग्रेगरी किंग या आकडेतज्ज्ञाच्या नावावर असलेला एक अंदाज चार्ल्स डॅव्हनंट या अर्थविषयक लेखकाने १६९९ मध्ये प्रसिद्ध केला. धान्याचे पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी चढतो, आणि पीक निम्मे झाले तर भाव नेहमीपेक्षा साडेचार पटींनी वाढतो, म्हणजे साडेपाच पट होतो, असा तो अंदाज. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये लवचिकतेची संकल्पना रीतसर मांडली, त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. किंगच्या अंदाजानुसार पीक एक दशांशाने घटल्यावर उरलेल्या नऊ दशांश धान्याचे एकूण मोल सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. कमी माल, जास्त पैसा. हेच उलट वाचा, म्हणजे सुगीच्या वर्षी शेतकरी का रडतो ते कळते.

आता तिसरी गोष्ट. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे आणि पाठ्यपुस्तके इथवर येतच नाहीत. ग्राहकाच्या दारातली लवचिकता आणि बाजार समितीच्या आवारातली लवचिकता या दोन वेगळ्या असतात. एक हिशेब मांडू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण प्रमाण वास्तवाला धरून आहे.

मुंबईत ग्राहक किलोला ३० रुपये देतो. त्यातले १२ रुपये शेतकऱ्याला मिळतात. मधले १८ रुपये खळ्यावरील निवड आणि छाटणी, गोणी, हमाली, तोलाई, ट्रकचे भाडे, वाटेतली नासाडी, घाऊक व्यापाऱ्याचा आणि हातगाडीवाल्याचा हिस्सा यांत जातात. कांदा स्वस्त झाला म्हणून ट्रकचे भाडे उतरत नाही आणि हमालाची मजुरीही उतरत नाही, म्हणून हे १८ रुपये स्थिर धरू. ग्राहकाची लवचिकता ०.५ आहे असे समजा. आता बाजारात ५ टक्के जास्त कांदा आला. तो खपवायला ग्राहकाची किंमत १० टक्क्यांनी उतरावी लागेल, म्हणजे ३० चे २७ रुपये. मधले १८ रुपये तसेच राहिले. शेतकऱ्याला उरले ९ रुपये. ग्राहकाला १० टक्के स्वस्ताई दिसली, शेतकऱ्याचा भाव २५ टक्क्यांनी पडला. मागणीतील ५ टक्के बदल भागिले २५ टक्के, म्हणजे बाजार समितीतील लवचिकता ०.२.

उत्पन्नाचे पाहा. आधी १०० क्विंटलला १,२०० रुपयांनी १,२०,००० रुपये येत होते. आता १०५ क्विंटलला ९०० रुपयांनी ९४,५०० रुपये येतात. ग्राहकांचा एकूण खर्च साडेपाच टक्क्यांनी कमी झाला आणि शेतकऱ्यांचे उत्पन्न २१ टक्क्यांनी घटले. उलट पीक ५ टक्के कमी आले असते तर हाच हिशेब ९५ क्विंटलला १,५०० रुपये, म्हणजे १,४२,५०० रुपये, असा झाला असता. फरक पडला तो पिकातल्या जेमतेम पाच टक्क्यांच्या चढउताराने. प्रत्यक्षात मधला खर्च अगदी स्थिर नसतो. नासाडीचे मोल आणि टक्केवारीने घेतलेला व्यापाऱ्याचा हिस्सा भावाबरोबर हलतात. तरीही मधल्या साखळीचा मोठा भाग ठरावीक रकमेचा असतो, म्हणून धक्का शेतकऱ्याकडे येताना मोठा होत येतो. शेतकऱ्याचा वाटा जितका लहान, तितका हा धक्का मोठा.

फेब्रुवारी-मार्च २०२३ तुम्हाला आठवत असेल. उशिराच्या खरिपाचा, म्हणजे रांगडा लाल कांदा एकदम बाजारात आला आणि भाव इतके कोसळले की काढणीची मजुरी आणि वाहतूकही सुटेना. राज्य सरकारने त्यानंतर क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान दिले. हा फटका लाल कांद्याला बसला, याचेही कारण लवचिकतेत आहे. लाल कांदा टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा, म्हणजे उन्हाळ्यात निघणारा रब्बीचा कांदा, मात्र कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) काही महिने राहतो. चाळ असली की भाव पडल्यावर शेतकरी माल रोखतो आणि व्यापारीही साठवणीसाठी खरेदी करतो. ही साठवणुकीची मागणी घरगुती मागणीपेक्षा किमतीला कितीतरी जास्त प्रतिसाद देते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांतील एकूण मागणी फेब्रुवारीतील मागणीपेक्षा अधिक लवचिक असते आणि तेवढीच आवक वाढली तरी भाव तुलनेने कमी पडतात. एकच पीक, एकच बाजार, दोन हंगाम आणि दोन लवचिकता.

निर्यातीचेही तसेच आहे. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, संयुक्त अरब अमिराती येथील आयातदाराला भारताशिवाय पाकिस्तान, इजिप्त, चीन असे पर्याय असतात. भारतीय कांदा थोडा स्वस्त झाला की ते इकडे वळतात, महागला की दूर जातात. परदेशी मागणी देशांतर्गत मागणीपेक्षा अधिक लवचिक असते. निर्यात खुली असताना लासलगावात भाव पडू लागला की परदेशी खरेदी वाढते आणि भावाला खालून आधार मिळतो. निर्यात बंद केली की मागणीचा हा लवचिक भाग कापला जातो आणि मागे उरते ती फक्त ताठ घरगुती मागणी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आले, ८ डिसेंबर २०२३ ला पूर्ण बंदी आली, ४ मे २०२४ ला टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (ज्याहून कमी दराने निर्यात करता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क ठेवून ती उठली, आणि शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ पासून. या काळावर बोलताना बहुतेक जण बंदीने भाव किती पडला एवढेच विचारतात. बंदीने मागणीचा आकारच बदलला आणि आवकेतील प्रत्येक चढउताराचा झटका अधिक तीव्र झाला, हे मला अधिक गंभीर वाटते.

ग्राहकाची बाजूही मांडली पाहिजे. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांद्याचा भाव हा प्रचाराचा मोठा मुद्दा होता. घरखर्चात कांद्याचा वाटा लहान असूनही लोक एवढे संतापतात, कारण त्यांना तो सोडता येत नाही. सहज सोडता आला असता तर त्यांनी दुसरे काही घेतले असते आणि विषय संपला असता. लोकांचा संताप हाच कमी लवचिकतेचा पुरावा आहे आणि सरकारला त्याची दखल घ्यावीच लागते. माझा आक्षेप एकतर्फीपणाला आहे. कमी लवचिक मागणीच्या पिकात शेतकऱ्याची मंदीची वर्षे तेजीच्या वर्षांनी भरून निघतात. तेजीच्या वर्षी निर्यात रोखून शिखर छाटायचे आणि मंदीच्या वर्षी दरी तशीच ठेवायची, असे वारंवार झाले तर त्या पिकाचे सरासरी उत्पन्नच खाली येते. ग्राहकाला संरक्षण द्यायचे असेल तर त्याची किंमत एकट्या उत्पादकाकडून वसूल होऊ नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

इथवरचे एकत्र करायचे तर असे: घरगुती ग्राहकाची मागणी कमी लवचिक आहे, एका शेतकऱ्यासमोरची मागणी जवळजवळ संपूर्ण लवचिक आहे, आणि सर्व शेतकऱ्यांसमोर, बाजार समितीच्या पातळीवर, मागणी ग्राहकाच्या मागणीपेक्षाही कमी लवचिक आहे. तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

परीक्षेतील उत्तराविषयी. दोन-चार गुणांच्या प्रश्नात 'कांदा: कमी लवचिक मागणी' एवढे उदाहरण पुरेसे आहे आणि तिथे हा सगळा ऊहापोह करू नका. वर्णनात्मक प्रश्नात मात्र लवचिकतेचे निर्धारक घटक, म्हणजे पर्यायांची उपलब्धता, खर्चातील वाटा, गरजेचे स्वरूप, कालावधी, नुसते ओळीने न मांडता एकाच वस्तूवर चालवून दाखवा. वरचे ०.५ आणि ०.२ चे उदाहरण चार ओळींत बसते. कृषी उत्पन्नातील अस्थिरतेवर प्रश्न आला तर तेच उत्तराचा कणा होऊ शकते. किमान आधारभूत किंमत, साठवणूक, निर्यात धोरण यांवरचे मुद्दे मग त्याला आपोआप जोडता येतात.

तुमच्या वडिलांना या सगळ्याचा काय उपयोग, हे तुम्ही विचारलेले नाही, पण प्रश्नात ते दडलेले आहे. त्यांचा कांदा लाल असेल तर वाट पाहण्यासारखे फारसे काही नाही. एकाच दिवशी सगळा माल न नेता दोन-तीन खेपांत विकणे, एवढेच हाती असते. उन्हाळ कांदा असेल तर हिशेब बदलतो. बाजार समिती रोजची आवक आणि क्विंटलचा किमान, कमाल व सर्वसाधारण भाव जाहीर करते. कमाल भावाकडे पाहून निर्णय घेऊ नये, तो थोड्याशा उत्तम मालाचा असतो. सर्वसाधारण भाव आणि आवक शेजारी शेजारी लिहा, पण त्यांतून लवचिकता काढण्याची घाई करू नका, कारण सणवार, पाऊस, गोल्टीचे (लहान आकाराच्या कांद्याचे) प्रमाण, निर्यातीची बातमी यांनी मागणी आणि पुरवठा दोन्ही एकाच आठवड्यात सरकतात.

त्याऐवजी साठवणुकीचा हिशेब करा. आज १०० क्विंटल कांदा १,२०० रुपयांनी विकला तर १,२०,००० रुपये येतात. चार-पाच महिने चाळीत ठेवला तर वजनातील घट, सड आणि कोंब यांत पाव हिश्श्याहून अधिक माल जाणे नित्याचे आहे. समजा ७० क्विंटल उरला. तेवढेच १,२०,००० रुपये मिळवायला तेव्हा किमान १,७१५ रुपये भाव हवा, आणि निवडीची मजुरी, चाळीचा खर्च व अडकलेल्या पैशावरचे व्याज धरले तर त्याहूनही जास्त. तो भाव येईल की नाही हे खरिपाच्या लागवडीवर, ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसावर आणि निर्यातीच्या निर्णयावर ठरेल. यांतले पहिले दोन घटक गावात बसून काही अंशी तरी ताडता येतात. म्हणून सगळा माल एका अंदाजावर न ठेवता, आज ज्या भावात उत्पादनखर्च निघतो त्या भावात एक हिस्सा विकावा आणि उरलेला चाळीत ठेवावा, असे मी शेतकरी उत्पादक कंपन्यांना सांगत आलो आहे. हिस्सा किती, हे त्या घरावर पीककर्जाचा हप्ता कधी येतो, चाळ हवेशीर आहे की नाही आणि काढणीच्या वेळी कांदा पावसात भिजला होता का, यावर ठरते. भिजलेला कांदा चाळीत ठेवू नये, भाव कितीही कमी असला तरी तो आधी विकावा.